काच नवी बसली, पण गाडीला नीट दिसतंय का?

गेल्या एप्रिलमध्ये माझे दाजी पुण्याहून सोलापूरला येत होते. टेंभुर्णी सोडली आणि पुढच्या डंपरच्या चाकाखालून एक खडा उडून काचेवर टक्कन आदळला. हरभऱ्याएवढा टवका. घरी पोचेपर्यंत तो तेवढाच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी विजापूर रोडला उन्हात दोन तास उभी राहिली. दाजी येऊन बसले, एसी फुल केला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत टवक्यातून एक रेघ निघाली आणि आरशाच्या दिशेने वीतभर सरकत गेली.

काच बदलायचं काम दाजींना नवीन नव्हतं. आधीच्या गाडीला त्यांनी दोनदा काच टाकून घेतली होती. या वेळीही ओळखीच्या दुकानात सकाळी गाडी लावली, संध्याकाळी घेऊन आले. काम स्वच्छ होतं, कुठे पाणी गळत नव्हतं, वाऱ्याचा आवाज नव्हता. चार दिवसांनी ताई आणि ते मोहोळकडे निघाले. हायवेला गाडी आपल्या लेनच्या मधोमध चाललेली असताना स्टिअरिंग हातात हलकंच डावीकडे ओढू लागलं, जणू शेजारी बसलेलं कुणीतरी बोटाने ढकलतंय. दाजींनी सरळ केलं की पुन्हा तेच. ताई म्हणाली, "अहो, बाजूला घ्या आधी."

दुकानदाराने काच नीटच बसवली होती. राहून गेलं होतं ते काचेमागच्या कॅमेऱ्याचं काम, आणि असं काही काम असतं हे दाजींना कुणी सांगितलंच नव्हतं. गेल्या चार-पाच वर्षांत नवी गाडी घेतलेल्या बऱ्याच घरांना हे ठाऊक नसतं, म्हणून जरा पायापासून सांगतो.

पुढची काच ही नुसती काच नसते

गाडीच्या बाजूच्या काचा फुटल्या की साबुदाण्यासारखे बारीक तुकडे होऊन खाली पडतात. पुढची काच तशी पडत नाही. तडे जाऊन जाळी होते, पण काच जागेवर धरून राहते. कारण ती एक काच नसतेच. दोन पातळ काचांच्या मधे प्लॅस्टिकचा एक चिवट पारदर्शक पापुद्रा असतो, साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा. आपल्या दोन कडक भाकऱ्या एकमेकींना चिकट पदार्थाने घट्ट चिकटवल्या तर वरून बुक्की मारल्यावर तुकडे पडतील, पण विखरणार नाहीत. तसंच हे. याला लॅमिनेटेड काच म्हणतात. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९०९ साली अशा काचेचं पेटंट घेतलं. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे पुढची काच लॅमिनेटेडच हवी आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा.

ही काच गाडीच्या सांगाड्याला डिंकासारख्या एका जाड चिकट पदार्थाने चिकटवलेली असते. दुकानात याला नुसतं 'पेस्टिंग' म्हणतात. जुन्या ओम्नीला किंवा अँबेसेडरला रबराच्या बीडिंगमध्ये काच बसायची, ती पद्धत आता गेली. आजच्या गाडीत चिकटवलेली काच छताला आधार देते. आणि बऱ्याच गाड्यांत चालकाशेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना आधी काचेवर आपटते, मग माणसाकडे वळते. चिकटवणं कच्चं असेल तर त्या क्षणी काचच बाहेर निघू शकते. म्हणून काचेचं काम हे दिखाऊपणाचं काम नव्हे.

टवक्यातून तडा का पळतो, हेही इथेच समजून घ्या. सोलापूरच्या एप्रिल-मेमधलं ऊन आपल्याला सांगायला नको, पारा ४२-४३ अंशांवर जातो. उभ्या गाडीची काच त्याहून कितीतरी जास्त तापते. तापलेल्या काचेच्या आतल्या अंगाला एसीचा गार झोत बसला की आतली बाजू आकसते, बाहेरची फुगलेलीच असते. या ओढाताणीत अख्खी काच तग धरते, पण टवका म्हणजे उसवलेली शिवण, तिथून फाटत जातं. तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली ओतली तरी हेच होतं.

आरशामागचा काळा डबा

नव्या गाडीत आतल्या आरशाच्या मागे, काचेला लागून, एक काळा डबा असतो. त्यात पुढे बघणारा कॅमेरा असतो. चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा हा डोळा. या यंत्रणेला सगळे एडास म्हणतात. लेन सोडली तर सावध करणं, स्टिअरिंग हलकं वळवून गाडी लेनमध्ये ठेवणं, पुढच्या गाडीवर आदळायची वेळ आली तर आपणहून ब्रेक मारणं, समोरून गाडी आली की रात्री हेडलाइट खाली करणं, ही तिची कामं.

आपल्याकडे २०२१ मध्ये एमजी अ‍ॅस्टर आणि महिंद्रा एक्सयूव्ही ७०० आल्या तेव्हा याची चर्चा सुरू झाली. मग होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, किया सेल्टोस, टाटा हॅरियर असं करत ती आता मध्यमवर्गीय घराच्या गाडीत आली आहे. त्यामुळे हा प्रश्न आता श्रीमंतांपुरता राहिलेला नाही.

बऱ्याच गाड्यांत कॅमेऱ्याच्या जोडीला रडारही असतं. ते सहसा पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमध्ये बसतं, काचेशी त्याचा संबंध नाही. हे लक्षात ठेवा. नुसती काच बदलली आणि बिलात रडारच्या सेटिंगचे पैसे दिसले, तर ते कशासाठी हे जरूर विचारा.

कॅमेरा काचेतून बघतो. म्हणजे पुढची काच हा त्याचा चष्मा झाला. चष्म्याच्या दुकानात काच फ्रेममध्ये घालण्याआधी तुमच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजतात. नंबर बरोबर असला तरी मध्य दोन-तीन मिलिमीटर सरकला की डोकं दुखतं, पायरी चुकते. कॅमेऱ्याचं तसंच. नवी काच जुन्या काचेसारखी दिसते, पण तिची वक्रता, जाडी आणि कॅमेरा अडकवायचं चिकटवलेलं ब्रॅकेट केसभर तरी वेगळं असतंच. शिवाय काच चिकटवताना ती दोन मिलिमीटर खालीवर बसते. डोळ्याला हे कळत नाही. कॅमेऱ्याला मात्र सगळं जगच सरकलेलं दिसतं.

एका अंशाने काय बिघडतं

मंगळवेढ्याकडे ज्वारीची पेरणी बघितली असेल तर हे चटकन पटेल. पाभरीचं, म्हणजे पेरणीच्या अवजाराचं, पहिलं तास (ओळ) बांधापाशी बोटभर तिरकं धरलं, तर तिथे काहीच कळत नाही. शेताच्या दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर ते हातभर सरकलेलं असतं. कोनातली चूक अंतराबरोबर वाढत जाते.

आकड्यांत सांगायचं तर कॅमेरा एका अंशाने वाकडा असेल, तर ५० मीटरवर त्याची चूक सुमारे ८७ सेंटिमीटर होते आणि १०० मीटरवर पावणेदोन मीटर. आपल्या हायवेची एक लेन साडेतीन मीटर रुंद असते. म्हणजे १०० मीटर पुढची गाडी कॅमेऱ्याच्या हिशेबात अर्धी लेन बाजूला गेली. शेजारच्या लेनमधला ट्रक त्याला आपल्याच समोर वाटू शकतो आणि गाडी विनाकारण ब्रेक मारू शकते, तेही मागे भरधाव गाडी असताना. किंवा उलट, खरोखर समोर असलेली गाडी त्याला बाजूची वाटेल आणि ब्रेक लागायचा तेव्हा लागणार नाही. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. ५० मीटर म्हणजे जेमतेम सव्वादोन सेकंद.

मला यातली दुसरी शक्यता जास्त धोक्याची वाटते. स्टिअरिंग ओढतंय हे दाजींना निदान कळलं तरी. न लागणारा ब्रेक हा प्रसंग आल्याशिवाय कळतच नाही.

कॅलिब्रेशन म्हणजे डोळ्याला सरळ कुठे हे शिकवणं

काच बदलल्यावर कॅमेऱ्याला पुन्हा सांगावं लागतं की बाबा, गाडीचा मध्य हा, जमीन ही, सरळ म्हणजे इकडे. या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात. ते दोन प्रकारे होतं. कुठल्या गाडीला कुठला प्रकार हे गाडीच्या कंपनीने ठरवून दिलेलं असतं. काहींना दोन्ही लागतात.

पहिला प्रकार वर्कशॉपमध्ये, गाडी उभी ठेवून. दाजींच्या गाडीचं हे काम होताना मी शेवटपर्यंत थांबलो होतो. आधी त्यांनी चारही टायरची हवा बघितली, डिकीतली पाण्याची बाटली आणि सामान बाहेर काढलं, कारण मागे वजन असलं तर गाडीचं नाक वर होतं. गाडी सपाट फरशीवर आणली. मग एका मुलाने खिशातून चक्क ओळंबा काढला. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला लटकवतात तो. पुढच्या आणि मागच्या बोधचिन्हाच्या मध्यावरून तो खाली सोडला, टोक जिथे टेकलं तिथे फरशीवर खडूने खूण केली, दोन खुणांमधून दोरी ताणून गाडीची मध्यरेषा पुढे वाढवली. त्या रेषेवर मोजपट्टीने ठरलेल्या अंतरावर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा एक फलक उभा केला. उंची मोजली, परत मोजली. शटरमधून ऊन फलकावर पडत होतं म्हणून शटर अर्धं ओढलं. एवढं सगळं झाल्यावर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं यंत्र, जोडला आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याने फलक बघून स्वतःला जुळवून घ्यायला काही मिनिटं लागली. आधीच्या मोजमापाला मात्र तासाच्या वर गेला होता. पैसे बटण दाबायचे नसतात, त्या तासाचे असतात.

दुसरा प्रकार रस्त्यावर. स्कॅनर जोडून काम सुरू करायचं आणि पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर ठरलेल्या वेगाने गाडी चालवायची. कॅमेरा रस्ता बघत बघत जुळवून घेतो. गावातल्या गर्दीत हे होत नाही. सात रस्त्याला किंवा आसरा चौकात तो वेग मिळणार नाही आणि पट्टेही सलग दिसणार नाहीत. पुणे हायवेसारखा चौपदरी रस्ता लागतो, तोही धो-धो पाऊस नसताना.

"पण डॅशबोर्डवर दिवा तर लागला नाही"

दाजींचंही हेच म्हणणं होतं. काही गाड्या कॅलिब्रेशन बाकी आहे असं सांगून यंत्रणा बंद ठेवतात. सगळ्याच ठेवत नाहीत. कॅमेऱ्याची वायर निघाली, समोर चिखल आला, तर त्याला ते समजतं. आपण तिरकं बघतोय हे त्याला समजेलच असं नाही. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे पडलं तरी टिकटिक चालूच असते. दिवा नाही याचा अर्थ घड्याळ चालू आहे एवढाच घ्यायचा.

"आपोआप शिकत नाही का ते?"

थोडंफार शिकतं. गाडीत पाच माणसं बसली, मागे वजन वाढलं, तर तेवढा फरक बरेच कॅमेरे चालता चालता सांभाळून घेतात. पण ते बारीक जुळवणं झालं, आणि त्याला मर्यादा आहे. काच बदलल्यावरची सुरुवात स्कॅनरनेच करून द्यावी लागते. काच न बदलता नुसता कॅमेरा काढून परत बसवला, तरीही बहुतेक कंपन्या कॅलिब्रेशन करायला सांगतात.

"मी ते बंदच ठेवतो, मला काय फरक पडतो?"

आपल्या रस्त्यांवर अनेक जण लेनची मदत बंद ठेवतात. गावातून जाताना मलाही ते समजण्यासारखं वाटतं. पण आपणहून ब्रेक मारण्याची सोय बऱ्याच गाड्यांत इंजिन पुन्हा सुरू केलं की आपोआप चालू होते. तुम्हाला वाटतं बंद आहे, आणि ती जागी असते. शिवाय गाडी घरातली असते. उद्या मुलगा चालवेल, परवा भाचा.

आणि सोलापूर जिल्ह्यात ऊस सुरू झाला की काय होतं ते आपण दरवर्षी बघतो. रात्रीच्या वेळी मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा ट्रॉल्या एकामागे एक रस्त्यावर. कॅलिब्रेशन चोख असलेल्या कॅमेऱ्यालाही अशी ट्रॉली वेळेत ओळखू येईलच असं नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर कुणीही गाडी चालवू नये. पण जो मदतनीस आधीच अडचणीत आहे, त्याचा डोळा वाकडा ठेवून त्याला रस्त्यावर काढण्यात काय अर्थ आहे?

"कंपनीचीच काच हवी, हे बिल वाढवायचं निमित्त आहे का?"

इथे दोन्ही बाजूंत तथ्य आहे. गाडीच्या कंपनीचा शिक्का असलेली काच महाग पडते, आणि गाड्यांच्या कंपन्या काच स्वतः बनवत नाहीत. आपल्याकडे आसाही इंडिया आणि सेंट-गोबेनसारखे काच बनवणारे ती पुरवतात. त्यामुळे बाहेरची काच म्हणजे वाईट असं सरसकट म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो तीच काच तुमच्या व्हेरिअंटची आहे का हा. एकाच मॉडेलच्या स्वस्त आणि महाग व्हेरिअंटची काच वेगळी असते. स्वस्तात कॅमेऱ्याचं ब्रॅकेट नसतं, पावसाच्या सेन्सरची जागा नसते. काहींत आवाज कमी करणारा पापुद्रा असतो. ज्या गाडीत वेगाचे आकडे काचेवर उमटतात, तिचा पापुद्रा एका बाजूला किंचित जाड असतो. तो नसेल तर आकडे दुहेरी दिसतात. म्हणून दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगू नका, चासी नंबर द्या. काचेच्या कोपऱ्यात छापलेली खूण आणि आयएस २५५३ हे मानक बघा.

कॅलिब्रेशनही कंपनीच्या वर्कशॉपमध्येच व्हायला हवं असं नाही. ज्याच्याकडे त्या गाडीचा फलक, सपाट जागा आणि चालणारा स्कॅनर आहे, तो ते करू शकतो. पण गाडी दुकानात सोडण्याआधी फोनवर सरळ विचारा: कॅलिब्रेशन तुम्ही करता का, कुठे करता, आणि झाल्याचा रिपोर्ट देता का? "त्याची गरज नसते" असं उत्तर आलं तर दुसरा फोन लावा. काम झाल्यावर रिपोर्ट हातात घेऊनच पैसे द्या. त्यात तुमच्या गाडीचा नंबर, तारीख आणि काम पूर्ण झाल्याची नोंद असली पाहिजे.

इन्शुरन्समधून मिळतं का

नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर नाही. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारी पॉलिसी असेल तर काच त्यात येते, आणि काचेवर घसारा, म्हणजे भाग जुना झाला म्हणून होणारी कपात, कापत नाहीत. प्लॅस्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के कापला जातो, काचेवर शून्य. तुमच्या खिशातून सक्तीचा वाटा जातो: १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १००० रुपये, त्यावरच्या गाडीला २०००.

अडतं ते दोन ठिकाणी. एक, अंदाजपत्रकात कॅलिब्रेशन लिहिलेलंच नसतं. मग नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर फक्त काच मंजूर करतो आणि बाकीचे पैसे तुमच्यावर येतात. म्हणून काम सुरू होण्याआधी कॅलिब्रेशन वेगळ्या ओळीत लिहून घ्या. चिकटवायचा माल मंजूर होणार का तेही तेव्हाच विचारा. दोन, क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो पहिल्या वर्षी २० टक्के आणि पाच वर्षं क्लेम न करता ५० टक्क्यांपर्यंत चढतो. बोनस मोठा आणि बिल लहान असेल तर स्वतः भरणं परवडतं. मात्र कॅमेऱ्याच्या काचेचं बिल बहुधा लहान नसतं, म्हणून आधी दोन्ही आकडे मांडून बघा. काही पॉलिसींत बोनस वाचवणारं जादा कलम असतं, ते कागद उघडून वाचा.

टवका असतानाच गाठलं तर

दाजींनी पहिल्याच संध्याकाळी धाव घेतली असती तर कदाचित काच वाचली असती. रुपयाच्या नाण्याहून लहान टवका असेल, काचेच्या कडेपासून लांब असेल, चालकाच्या नजरेसमोर नसेल, तर त्यात राळ भरून तो पक्का करता येतो. कॅमेऱ्याच्या समोर असेल तर भरणं टाळावं, कारण भरलेली जागाही प्रकाश वाकवते. टवका पडला की लगेच स्वच्छ सेलोटेप लावा, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही. गाडी सावलीत ठेवा, एसी हळूहळू वाढवा.

काच बसल्यावरचे दोन दिवस

चिकटवायचा पदार्थ हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. मे महिन्यातली सोलापूरची हवा कोरडी असते, त्यामुळे ऊन आहे म्हणजे लवकर वाळेल हा समज चुकीचा आहे. गाडी किती तासांनी हलवायची हे डब्यावरच्या सूचनेप्रमाणे दुकानदाराने सांगायला हवं, त्याआधी घाई करू नका. पहिला दिवसभर दार धाडकन लावू नका, आतली हवा काचेला बाहेर ढकलते. एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवा. प्रेशर पंपाने धुवायला नेऊ नका.

जुन्या काचेबरोबर फास्टॅग जातो. तो काढताना फाटतो आणि परत वापरता येत नाही. ज्या बँकेचा आहे तिच्याकडून बदली टॅग मागवा, नाहीतर सावळेश्वरच्या टोलनाक्यावर अडकाल. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटबरोबर काचेला लावलेला रंगीत स्टिकरही नवा लागतो. हे सगळं नव्या काचेवर लावताना आरशामागची कॅमेऱ्यासमोरची जागा मोकळी सोडा. दाजींनी नवा टॅग नेमका तिथेच चिकटवायला घेतला होता, ताईने हात धरला. डॅशबोर्डवर चकचकीत मूर्ती किंवा पांढरा टॉवेल असेल तर त्याचं प्रतिबिंब काचेत पडून कॅमेऱ्याला दिसतं, तेही जरा बाजूला घ्या.

मग एका कोरड्या सकाळी, वाहतूक कमी असताना, हायवेला गाडी काढा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून लेनची मदत चालू करा. गाडी दोन पट्ट्यांच्या मधोमध धरते का, पट्ट्याजवळ गेल्यावर वेळेवर सांगते का, शेजारच्या लेनमधल्या गाडीला उगाच घाबरते का, हे पाच-दहा किलोमीटरमध्ये कळतं. खटकलं तर त्याच दिवशी रिपोर्ट घेऊन परत जा. दाजी दुसऱ्यांदा मोहोळपर्यंत जाऊन आले तेव्हा ताईने वाटभर स्टिअरिंगवरची नजर काढली नव्हती.